न सुकणारे गवत



गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी संध्याकाळची मिस्सा आटोपून घरी आलो, तर फाटकाच्या आत खडी आणि डस्टचा ढीग पडलेला. आम्ही चर्चमध्ये असताना टेम्पोवाला अर्धा ब्रास माल ओतून गेला होता, तोही नेमका अशा जागी की स्कूटर आत घेता येईना. कपाळावरची राख तशीच होती. मनुष्य माती आहे आणि शेवटी मातीलाच मिळणार, हे ऐकून अर्धा तासही झाला नव्हता, आणि आम्ही रात्री नऊ वाजता घमेली घेऊन खडी बाजूला सारत होतो.

इथे ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे नवराबायको. लिहिणारा हात एकाचा असला तरी खणणारे हात चार होते आणि चुकीत दोघांचा वाटा निम्मानिम्मा आहे, म्हणून सगळे ‘आम्ही’ असेच लिहीत आहोत.

आमचे घर बेळगावात. समोर १८ फूट लांब आणि १३ फूट रुंद अंगण. त्यात बाबांनी लावलेली हरळी होती. ती नर्सरीतून विकत आणलेली लॉन नव्हती, खानापूरकडच्या आमच्या शेताच्या बांधावरून पोत्यात घालून आणलेली साधी हरळी. बाबा होते तोवर ते अंगण बघायला लोक थांबायचे. बाबा देवाघरी गेले त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. त्यांच्यामागे आम्ही स्कूटरींसाठी पत्र्याचे छप्पर घातले. छपराखाली ऊन येईना, आणि हरळीला काही मिळाले नाही तरी चालते, ऊन मात्र लागते. ती हळूहळू विरळ होत गेली. पूर्वेच्या कोपऱ्यात कंपाउंडला लागून एक तुकडा तेवढा उरला होता. बाकी सगळी तांबडी माती.

बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर अंगणात नुसता तांबडा चिखल. त्याच्या आदल्या वर्षीच्या जुलैत आईचा पाय त्या चिखलात घसरला आणि मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. हात जुळला, पण धास्ती राहिली. पावसाळ्यात ती दारातच उभी राहून फुले तोडायला आम्हाला सांगायची. पुढच्या पावसाआधी अंगणाचे काहीतरी करायचेच, हे आम्ही तेव्हाच ठरवले. शिवाय मे महिन्यात धाकटीचा पहिला कम्युनियन होता, घरी माणसे येणार होती.

फरशी घालावी तर ती शेवाळते. म्हणून प्लास्टिकचे गवत. एक माणूस येऊन मोजमाप करून गेला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही त्याला चहा दिला, ‘कळवतो’ म्हटले आणि तो गेल्यावर ठरवले की आपणच घालायचे.

आईला आम्ही सांगितले. विचारले नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे केले ते सांगतो, कारण मिस्सेनंतर कित्येकांनी ते विचारले आहे. पहिला शनिवार खणण्यात गेला. वरची माती तीन इंच उपसायची असते. ऐकायला तीन इंच काहीच वाटत नाही, पण एवढ्याशा अंगणातून पन्नासच्या वर पोती निघाली. बहुतेक माती वरच्या गल्लीत एकांचे बांधकाम चालले होते त्यांनी भरावासाठी नेली. त्यांचे उपकार झाले. कोपऱ्यातली हरळीही आम्ही खणली. तिची मुळे कुदळीला तारेसारखी अडकत होती. थोरला म्हणाला, ‘‘हे इथं ठेवूया की, हिरवंच आहे.’’ आम्ही म्हणालो, एका कोपऱ्यात खरे आणि बाकी खोटे, ते दिसेल कसे? एकसारखे दिसायला हवे.

आई दारात उभी होती. काही बोलली नाही.

दुसऱ्या शनिवारी उतार काढला. हे काम कंटाळवाणे, पण टाळण्यासारखे नाही. पाणी साचले की प्लास्टिकच्या गवताखालून कुबट वास येतो. गवंडी लोकांकडची पारदर्शक नळी आणून, तीत पाणी भरून, घराच्या पायापासून गटारीच्या बाजूला १३ फुटांत दोन इंच उतार दिला. मग खडी-डस्टचा दोन इंचांचा थर, वरून पाणी शिंपडायचे आणि धुमसाने चोपायचे. ओळखीच्या गवंड्याने धुमस दिला आणि तासभर आमचे चोपणे बघत उभा राहिला. शेवटी त्याला राहवले नाही, त्याने तो आमच्या हातातून घेतला. त्याच्या दहा ठोक्यांत जे झाले ते आमच्या शंभरांत झाले नव्हते. आदल्या संध्याकाळी आम्ही क्रुसाच्या वाटेत चौदा वेळा गुडघे टेकले होते आणि आता उठताबसता दोघांचेही गुडघे बोलत होते.

तिसऱ्या शनिवारी गवत. थरावर आधी जिओटेक्स्टाइलचे कापड, त्यावर गवताच्या पट्ट्या. रोल साडेसहा फूट रुंदीचा येतो, म्हणजे आमच्या अंगणाला बरोबर दोन पट्ट्या आणि मध्ये एकच सांधा. पाते ३५ मिलिमीटरचे. रोल उलगडून उन्हात तासभर पसरून ठेवायचा, म्हणजे वळ्या बसतात. एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती: या गवताची पाती एका बाजूला कललेली असतात आणि दोन्ही पट्ट्यांचा कल एकाच दिशेला हवा. आम्ही दुसरी पट्टी उलटी टाकली. जवळून काहीच कळले नाही. गच्चीवरून बघितले तर अर्धे अंगण गडद आणि अर्धे फिके, जणू दोन दुकानांतून आणलेले. अजून गोंद लावला नव्हता म्हणून निभावले. पट्टी फिरवली, कडेचे टाके मागच्या बाजूने कटरने कापून काढले, सांध्याखाली पट्टी ठेवून गोंद लावला, कडेने पाच इंची खिळे ठोकले आणि शेवटी सिलिका वाळू टाकून कडक झाडूने घासली. वाळूच्या वजनाने गवत बसते आणि पाती उभी राहतात.

संध्याकाळी सहाला काम संपले. दिसत होते सुंदर, हे कबूल केलेच पाहिजे.

थोरल्याने मोबाइलवर शोधून सांगितले की हे गवत प्रसिद्ध झाले ते अमेरिकेतल्या ह्यूस्टनमुळे. १९६५ साली तिथे बेसबॉलसाठी छप्पर असलेले प्रचंड स्टेडियम उघडले, ॲस्ट्रोडोम. आत खरेच गवत लावले होते आणि त्यासाठी छपराची तावदाने पारदर्शक ठेवली होती. पण त्यांतून येणाऱ्या तिरिपेने खेळाडूंना वर उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगवली. ऊन अडले, गवत मेले. मग उरलेला हंगाम त्या मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून काढला आणि १९६६ साली नायलॉनचे गवत अंथरले. पोरगा हे मजेने वाचत होता. आम्ही मात्र पत्र्याच्या छपराकडे बघत होतो. आधी ऊन आम्हीच अडवले होते.

रात्री अंगणाचा फोटो नातेवाइकांच्या आणि प्रार्थना-गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. उत्तरे आली. लॉन किती छान ठेवलीत, एवढा वेळ कुठून काढता, बाबांचा हात तुम्हाला लागलाय. या शेवटच्या वाक्याला आम्ही हात जोडलेले चित्र पाठवले. गवत प्लास्टिकचे आहे हे लिहायला अंगठा वळला नाही. आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नकोस, ही दर रविवारी मुलांना शिकवणारे आम्ही. मुलांना सांगताना आम्ही नेहमी म्हणतो की गप्प बसूनही खोटे बोलता येते. उदाहरण शोधायला आता लांब जावे लागणार नव्हते.

सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आई तांब्या घेऊन बाहेर आली. आम्हाला वाटले तुळशीला किंवा जास्वंदीला पाणी घालणार. ती सावकाश कोपऱ्यापर्यंत गेली, तांब्या तिरका केला आणि प्लास्टिकवर पाणी ओतले. पाणी पात्यांवर थेंबथेंब उभे राहिले, मग खाली गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही म्हणालो, ‘‘आई, याला पाणी लागत नाही.’’

‘‘माहीत आहे रे. आंधळी नाही मी.’’

‘‘मग कशाला की घालतेस?’’

‘‘पाच वाजले की हात जातोय तांब्याकडं. काय करू?’’

त्या रात्री जेवणानंतर तिने सांगितले. बाबांना साखर होती, ते आम्हाला ठाऊक होते. शेवटची दोन वर्षे त्यांच्या पावलांची जाणीव गेली होती, तेही ठाऊक होते. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नसे. डॉक्टरांनी अनवाणी फिरायला सक्त मनाई केली होती. पण पहाटे आम्ही उठायच्या आत आई त्यांना खुर्चीसकट त्या कोपऱ्यात नेऊन बसवायची, चप्पल काढायची, आणि दव पडलेल्या हरळीवर त्यांची पावले ठेवायची. खडा नाही, काटा नाही हे आधी स्वतः हाताने चाचपून बघायची. बहुतेक दिवस त्यांना काहीच कळायचे नाही. एखाद्या दिवशी म्हणायचे, ‘‘थंड लागतंय गं.’’ तेवढ्यासाठी ती रोज संध्याकाळी त्या तुकड्याला पाणी घालायची. बाबा गेल्यावरही चार वर्षे घालत राहिली. अंगणातले बाकीचे सगळे सुकले आणि तो तुकडा हिरवा राहिला, त्याचे कारण हे होते. आम्हाला वाटायचे, तिथे ओल जास्त असेल.

‘‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस? खणत होतो तेव्हा?’’

‘‘तुम्ही माझ्याच पायासाठी करायला लागलाय म्हणालात. मग काय सांगू?’’

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. प्रार्थनेला बसलो, पण शब्द सुचले नाहीत, नुसते बसलो. आईची काळजी म्हणून जे केले ते तिला न विचारता केले, आणि ती काळजी आहे हे तिला कळत होते म्हणूनच तिला तोंड उघडता आले नाही. प्रेमाने केलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करणे फार अवघड असते. चर्चमध्येही हे आम्ही पाहिले आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी आपण सोयी करतो आणि त्या बिचाऱ्या माणसांना आभार मानण्यावाचून दुसरे काही उरत नाही.

सकाळी शोध सुरू केला. माती तर गेली होती. वरच्या गल्लीतल्या बांधकामात ती केव्हाच जोत्याखाली गाडली गेली होती. पण धुण्याच्या दगडामागे दोन पोती राहून गेली होती, तीन आठवडे, पाण्यावाचून. एका पोत्यात नुसती माती आणि विटांचे तुकडे. दुसऱ्याच्या गोणपाटातून बाहेर आलेले पांढरट-पिवळे कोंब दिसले, टोकाला किंचित हिरवे. उजेड जिकडून येत होता तिकडे वळलेले.

आईला बोलावले. ती पोत्यापाशी बसली, एक कोंब बोटाने उचलून बघितला आणि म्हणाली, ‘‘हरळी कुठं मरतीय?’’

नवे, चार दिवसांपूर्वी घातलेले गवत कापायला जीव कचरतो. तरी कापले. कोपऱ्यात दोन फूट बाय तीन फूट. खिळे उपटले, कापड फाडले, चोपलेली खडी पहारीने उकरली. गवंड्याने इतकी घट्ट चोपली होती की आम्ही मनातल्या मनात त्याला नको ते बोललो. खड्ड्यात पोत्यातली माती, थोडे शेणखत, आणि आईने सांगितले तशी मुळे वीतभर अंतरावर दाबून लावली. या वेळी प्रत्येक गोष्ट तिला विचारून. कापलेला दोन बाय तीनचा तुकडा आता पुढच्या दारात पायपुसणे म्हणून आहे. उत्तम पायपुसणे होते, हेही नमूद करतो.

त्याच रविवारी पहिल्या कम्युनियनच्या वर्गात पाच भाकरी आणि दोन माशांचा धडा होता. हा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आला आहे. येशूने लोकांना गवतावर बसवले असे सांगितल्यावर एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘‘टर्फ होतं का?’’ सगळी मुले हसली, पण त्याचे काय चुकले? तो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि क्रिकेट खेळतो ते ताशी भाड्याच्या टर्फवर. गवत म्हणजे त्याला तेच माहीत. आम्ही मार्कचा सहावा अध्याय काढला. मार्कने त्या गवताला हिरवे म्हटले आहे, आणि योहान सांगतो की वल्हांडण जवळ आला होता. म्हणजे वसंताचे दिवस. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो, गवत वसंतात हिरवे असते आणि उन्हाळा लागला की वाळून जाते. पाच हजार पुरुष, शिवाय बायका-मुले, ज्या गवतावर बसून जेवली ते फार तर काही आठवड्यांचे सोबती होते. मुलांना हे सांगता सांगता आमच्याच लक्षात आले की इतकी वर्षे हा उतारा शिकवताना गवताकडे आम्ही कधी बघितलेच नव्हते.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातही गवत आहे, आणि १०३ व्या स्तोत्रातही. मनुष्याचे आयुष्य गवतासारखे, वारा आला की गेले. अंत्यविधीला आम्ही हे उतारे कितीदा वाचले असतील. बाबांच्या वेळीही वाचले. तेव्हा ते ऐकताना वाटायचे, देवापुढे आपण किती क्षुल्लक. पण आता अंगणात असे गवत होते की जे कधीच सुकणार नव्हते, आणि त्याच्याकडे बघून बाबांची आठवण येत नव्हती. सुकते तेच जिवंत असते. स्तोत्रकर्त्याने आपल्याला गवत म्हटले ते बहुधा हिणवण्यासाठी नाही. त्याच स्तोत्रात त्याच्या थोडे आधी बाप लेकरांवर करतो त्या मायेचा उल्लेख आहे, आणि आपण माती आहोत हे देवाच्या ध्यानात असते, असेही आहे. राखेच्या बुधवारी ‘माती’ हा शब्द ऐकताना ही माया आमच्या कानावर आली नव्हती. ढिगाची घाई होती.

ईस्टरनंतर एप्रिलच्या शेवटी दोन वळीव चांगले झाले. हरळीने तेवढ्यात कोपरा धरला.

मेमध्ये कम्युनियनचा दिवस उजाडला. मिस्सा संपून सगळे घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. पांढऱ्या झग्यातल्या मुली आणि नवे बूट काढून टाकलेली मुले अंगणात धावली आणि दुसऱ्याच क्षणी टुणटुण उड्या मारायला लागली. छपराबाहेरचे प्लास्टिक तव्यासारखे तापले होते! खरे गवत आपल्या अंगातले पाणी हवेत सोडून स्वतःला गार ठेवते; हे बिचारे नुसते ऊन पीत बसते. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि मार्चच्या संध्याकाळी काम करणाऱ्यांना ते कळणार तरी कसे? पाहुण्यांसमोर आम्ही दोघे नवे कपडे घालून बादल्या भरभरून प्लास्टिकवर पाणी ओतत होतो. शेजारच्या काकूंनी विचारले, ‘‘अगं, हे खोटं आहे?’’

‘‘खोटं आहे, काकू,’’ आम्ही म्हणालो. सगळ्यांसमोरच म्हणालो, व्हॉट्सॲपचेही सांगून टाकले.

आई खुर्चीत बसून हसत होती, इतकी की डोळ्यांत पाणी आले. ‘‘आता कोण घालायलाय पाणी?’’

तिची खुर्ची कोपऱ्यात होती. तिने चप्पल काढली नव्हती, ती काढतही नाही. पण धाकटीला तिने हाक मारून जवळ घेतले, तिचे बूट काढायला लावले आणि तिला त्या दोन बाय तीनच्या तुकड्यावर उभे केले. काय लागते म्हणून विचारले. धाकटी म्हणाली, टोचते.

पावसाळ्यात अंगण कोरडे राहिले, त्यासाठी केलेली मेहनत फुकट गेली नाही. आई काठी टेकत रोज फाटकापर्यंत जाते, फुले स्वतः तोडते. एकदाही घसरली नाही. मात्र ऑगस्टमध्ये हरळीने कापडाखालून मुळे पुढे धाडली आणि मधल्या सांध्यातून वर आली, गोंद उचकटून. आता दर शनिवारी आम्ही कडेचे दोन-चार खिळे उपटतो, गवत उचलतो, खालची मुळे ओढून काढतो आणि पुन्हा ठोकतो. आई खुर्चीतून बघते. कधी कधी काठीने दाखवते, ‘‘तिथला राहू दे की.’’ मग तिथला राहतो.